नहपानाच्या नाकावरची टेकडी : एक नाणे वर्गात आले तर काय घडते?

सन १९०६. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी या गोदाकाठच्या गावी चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला. शे-दोनशे नव्हे, तेरा हजारांहून अधिक नाणी. सगळी एकाच राजाच्या नावाची : क्षहरात नहपान. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्याच राजाने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. तो राजा गौतमीपुत्र सातकर्णी.

ही गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. स्पर्धा परीक्षांच्या प्रत्येक पुस्तकात ती एका ओळीत येते : 'गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला, पुरावा – जोगलटेंभीची नाणी.' मीही ती पाठ केली, उत्तरपत्रिकेत लिहिली, गुण मिळवले. आजचा धागा त्या एका ओळीमागच्या वस्तूविषयी आहे, आणि ती वस्तू समोर ठेवून इतिहास शिकवला तर काय घडते याविषयी. धागा लांब आहे, सवडीने वाचा.

आधी एक कबुली. पदवीच्या तीन वर्षांत इतिहास हा माझा मुख्य विषय होता. त्या काळात मी शेकडो पाने वाचली, पण ज्यांच्याविषयी वाचत होते त्या काळातील एकही वस्तू हातात घेतली नाही. सहलीला गेलो की संग्रहालयात काचेपलीकडे पाहायचे, खालची पाटी वहीत उतरवायची आणि पुढच्या दालनात जायचे. पाटी उतरवून झाली की वस्तू पाहायची गरजच उरत नसे.

एम. ए.च्या पहिल्या वर्षी आमच्या बाई आम्हाला एका नाणेसंग्रहात घेऊन गेल्या. टेबलावर मऊ कापड अंथरलेले, एक भिंग, एक छोटा वजनकाटा, कागद, पेन्सिल. दोघांत मिळून एक नाणे. नाणे कडेने धरायचे, पृष्ठभागाला बोट लावायचे नाही, आणि हात नेहमी कापडाच्या वर ठेवायचा, म्हणजे सुटले तरी मऊ जागी पडेल. शेवटची अट सर्वांत जाचक होती. पहिला अर्धा तास कोणत्याही राजाचे, घराण्याचे, शतकाचे नाव उच्चारायचे नाही. फक्त चित्र काढायचे आणि दिसते ते लिहायचे.

अर्ध्या तासात काय लिहिणार, असे वाटले होते. पाच मिनिटांत आमचे लिहून झाले : 'चांदीचे नाणे, गोल, एका बाजूला चेहरा.' बाईंनी कागद परत दिला. खरोखर गोल आहे का? कडा किती ठिकाणी फाटली आहे? चेहरा कोणत्या दिशेला पाहतो? त्याचा डोळा दिसतो का? दिसत नसेल, तर डोळ्याच्या जागी काय आहे?

डोळ्याच्या जागी एक कमान होती.

वजन दोन ग्रॅमच्या आसपास, आकार अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा. उजवीकडे तोंड केलेला एक चेहरा. कपाळ, हनुवटी आणि मानेचा काही भाग स्पष्ट. पण गाल आणि नाक यांवरून तीन कमानींची एक टेकडी उभी राहिलेली : खाली दोन कमानी, वर एक, पायथ्याशी नागमोडी रेघ. भोवती काही अक्षरे, त्यांतली अर्धी एका वळणाची, अर्धी दुसऱ्याच. नाणे उलटले की बाण आणि वज्र यांचे अवशेष, आणि त्यांच्यावर आडव्या-उभ्या रेघांच्या चार टोकांना वर्तुळे असलेली आकृती. नाणेशास्त्रात तिला 'उज्जैन चिन्ह' म्हणतात. हे नाव मला तेव्हाही ठाऊक होते, पण ते लिहायला बंदी होती. ठाऊक असलेला शब्द वापरता येत नाही तेव्हा डोळ्यांना काम करावे लागते, हे त्या दुपारी पहिल्यांदा जाणवले.

अशा पाहण्याची रीत जूल्स प्राउन या कला-इतिहासकाराने १९८२ साली एका गाजलेल्या निबंधात मांडली. आधी वर्णन, मग वस्तूशी आपला संबंध जोडून अनुमान, आणि मग तर्क व प्रश्न. क्रम मोडायचा नाही, कारण मनुष्य स्वभावतःच तिसऱ्या पायरीवर आधी उडी मारतो. ('विजयाचे प्रतीक!' असे मी दुसऱ्याच मिनिटाला लिहिले होते. बाईंनी ते खोडले.)

त्यानंतर वाद झाला. माझ्या जोडीदाराचे म्हणणे होते की टेकडी आधीची आणि चेहरा नंतरचा. मी अर्थातच उलट म्हणत होते, पण माझ्याकडे कारण एकच होते : पुस्तकात तसे लिहिले आहे. 'पुस्तक बाजूला ठेव आणि नाण्यावरून सिद्ध कर,' एवढेच बाई म्हणाल्या.

सिद्ध करता येते. दिवा टेबलाच्या कडेला खाली आणून प्रकाश तिरपा पाडला की उंचवट्यांच्या सावल्या लांब होतात. मग दिसते की टेकडीच्या कमानी अखंड आहेत, त्या कुठेही तुटत नाहीत. गालाची रेघ मात्र कमानीपाशी येऊन चेपते, सपाट होते आणि कमानीच्या पलीकडे पुन्हा उगवते. जी रेघ तुटते ती आधीची, जी तोडते ती नंतरची. उत्खननात एक खड्डा खालच्या थराला छेदून गेला की खड्डा थरानंतरचा ठरतो, तोच हा नियम दीड-दोन सेंटीमीटरच्या चांदीवर लागू होतो. मी जे पाच वर्षे 'माहीत आहे' म्हणत होते, ते त्या क्षणी पहिल्यांदा कळले.

आता नावे घ्यायला परवानगी होती.

मूळ नाणे नहपानाचे. त्यावर तीन लिप्या आहेत. चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरे, मागील बाजूस ब्राह्मी आणि खरोष्ठी. गंमत अशी की ग्रीक अक्षरांत लिहिलेली भाषा ग्रीक नाही. ते प्राकृतच आहे, केवळ परक्या अक्षरांत बसवलेले : क्षहरात नहपान राजाचे. अनेक नाण्यांवर ही ग्रीक अक्षरे इतकी बिघडलेली आहेत की ठसा कोरणाऱ्या कारागिराला ती वाचता येत नव्हती असे मानावे लागते. तो अक्षरे लिहीत नव्हता, अक्षरांची नक्षी काढत होता. पश्चिम भारतातल्या व्यापारी जगात ग्रीक अक्षरांना प्रतिष्ठा उरली होती, अर्थ उरला नव्हता, हे अनुमान कोणत्याही शिलालेखातून निघणार नाही. ते बिघडलेल्या अक्षरांतूनच निघते.

त्यावर मारलेला ठसा ब्राह्मीत : 'राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस'. एका पूर्ण नाण्यावर ही अक्षरे क्वचितच सलग वाचता येतात. एकावर 'गोतमि' मिळते, दुसऱ्यावर 'सातक', तिसऱ्यावर केवळ 'स'. पाच-सहा नाणी शेजारी ठेवून तुकडे जुळवले की लेख पुरा होतो. साठा एकत्र असण्याचे महत्त्व इथे कळते. ते पुढे येईलच.

दुसरे कोडे चेहऱ्याचे. या साठ्याचा पहिला सविस्तर अभ्यास रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी केला. त्यांच्या लक्षात आले की नाव एकाच राजाचे असूनही चेहरे एका माणसाचे वाटत नाहीत. कुठे तरुण, कुठे वृद्ध. कुठे नाक गरुडासारखे, कुठे बसके. जबडा कधी भरलेला, कधी आत गेलेला. स्कॉट यांनी सुचवले की हे एकाच घराण्यातील निरनिराळ्या व्यक्तींचे चेहरे असावेत. दुसरी शक्यता अशी की राजाला कधीही न पाहिलेल्या वेगवेगळ्या कारागिरांनी रोमन किंवा अन्य नाण्यांवरील चेहरे पाहून ठसे कोरले. माझा कल दुसरीकडे आहे, पण तो कलच आहे. आमच्या वर्गात यावर मतदान घेतले तर बरोबर निम्मे-निम्मे झाले, आणि इतिहासाच्या तासाला मी इतका आरडाओरडा त्याआधी ऐकला नव्हता.

आता मुख्य प्रश्न. गौतमीपुत्राने ही नाणी पुन्हा का छापली?

पाठ्यपुस्तकातले उत्तर सोपे आहे : शत्रूचे नाव पुसून आपली सत्ता मिरवण्यासाठी. त्याला आधारही आहे. पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील नाशिकच्या लेखात गौतमी बलश्री आपल्या मुलाचे वर्णन क्षहरात वंशाचा समूळ उच्छेद करणारा असे करते. पण नाणे हातात असले की या उत्तराने समाधान होत नाही. नाव पुसायचेच होते तर चांदी वितळवून नवी नाणी का पाडली नाहीत? चेहरा अर्धा शाबूत का ठेवला? आणि दहांपैकी साधारण तीन नाण्यांना हातही का लावला नाही?

वितळवणे खर्चाचे काम आहे. भट्टी लागते, धातूची घट होते, वेळ जातो. शिवाय सातवाहनांची नेहमीची नाणी शिसे, तांबे आणि पोटीन या मिश्रधातूची. चांदीच्या अशा नाण्यांची सवय गोदेच्या खोऱ्यात क्षत्रपांनी रुजवलेली. व्यापारी ज्या आकाराची आणि वजनाची चांदी ओळखून स्वीकारत होते, ती तशीच चालू ठेवून वर हमी आपली देणे हा शहाणपणाचा व्यवहार होता. या दृष्टीने पाहिले तर टेकडीचा ठसा अपमान करतो त्यापेक्षा जास्त 'हे नाणे आता माझ्या राज्यात चालेल' असे सांगतो. आणि न छापलेली नाणी? टांकसाळीत पोहोचण्याआधीच साठा पुरला गेला, की न छापताही ती चालत होती? दोन्ही शक्यता खुल्या आहेत. मला दुसरी अधिक संभवनीय वाटते, कारण दोन्ही प्रकार एकाच साठ्यात एकत्र मिसळलेले होते. साठवणाऱ्याने त्यांत भेद केला नव्हता.

इथे नाणे आपल्याला डोंगरावर पाठवते. नाशिकची पांडवलेणी तुम्ही पाहिली असतील. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात तो तीन हजार कार्षापणांची कायम ठेव विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवतो : दोन हजार दरमहा शेकडा एक दराने, एक हजार दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यायचे. गणित करून पाहा : दोन हजारांवर महिना वीस, वर्षाला दोनशे चाळीस, भागिले वीस, बरोबर बारा. दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब एका पैशानेही चुकत नाही.

हा कार्षापण म्हणजे आपल्या हातातलेच चांदीचे नाणे, असे मानण्याकडे अनेक अभ्यासकांचा कल आहे. तसे धरले तर जोगलटेंभीचा साठा उषवदाताच्या संपूर्ण ठेवीच्या चौपटीहून मोठा. हजाराहून अधिक भिक्षूंच्या एका वर्षाच्या वस्त्रांचा खर्च. वजनात पंचवीस किलोंहून अधिक चांदी. एवढी रक्कम कोणाची असू शकते, हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो : सरकारी खजिना, श्रेणी की एखादा सावकार?

त्याच डोंगरात तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राच्या अठराव्या राज्यवर्षाचा लेख आहे. विजयी सैन्याच्या छावणीतून तो गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा पाठवतो : पश्चिम कखडी गावातील, आजवर उषवदाताच्या ताब्यात असलेले दोनशे निवर्तने क्षेत्र या भिक्षूंना द्यावे. नाण्यांवर जे घडले तेच शेतावर. जुन्या धन्याची मालमत्ता, नव्या धन्याचा शिक्का.

पण थांबा. लगेच खाली चोविसाव्या वर्षाचा दुसरा लेख आहे, आणि तो पाठ्यपुस्तकांत फारसा येत नाही. राजा आणि राजमाता म्हणतात : आम्ही कखडीत जे शेत दिले होते ते कसले जात नाही, आणि गावातही वस्ती नाही. म्हणून आता नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून शंभर निवर्तने द्यावीत. सहा वर्षे झाली, विजय झाला, दान झाले, लेख कोरला गेला, आणि शेत पडीकच. गाव का उठले, हे लेख सांगत नाही. युद्धामुळे उठले असेल, नसेलही. पण नाण्यावरचा झळझळीत विजय आणि कखडीचे ओसाड शेत शेजारी ठेवले की 'पराभव केला' या दोन शब्दांखाली किती माणसे दबलेली आहेत, याचा अंदाज येतो. मी माझ्या प्रबंधिकेचा विषय त्या आठवड्यात बदलला.

आता तक्रारीचा भाग.

१८७८ च्या भूमिगत निधी कायद्यानुसार सापडलेला साठा जिल्हाधिकाऱ्यांकडे जमा व्हावा लागतो. पुढे त्यातील नाणी वेगवेगळ्या संग्रहांत वाटली जातात. वाटपामागचा हेतू चांगला असतो, अनेक ठिकाणच्या लोकांना ती पाहायला मिळतात. परंतु साठा फुटतो. जोगलटेंभीचे असेच झाले. आज त्याची नाणी अनेक संग्रहांत विखुरलेली आहेत आणि बाजारातूनही फिरत राहिली. एकाच ठशातून किती नाणी पाडली, कोणते ठसे आधी झिजले, पुनर्मुद्रण एका टांकसाळीत झाले की अनेक, हे प्रश्न सोडवायला नाणी शेजारी लागतात. ते शक्य नसेल तर निदान दोन्ही बाजूंची चांगली छायाचित्रे, अचूक वजने आणि नोंदक्रमांक हवेत.

मी प्रबंधिकेसाठी एका संग्रहाला पत्र पाठवले होते : चाळीस नाण्यांची वजने घेऊ द्या. दोन महिन्यांनी उत्तर आले की नाणी तिजोरीत आहेत आणि विद्यार्थ्यांना तशी प्रथा नाही. त्यांची बाजूही मी समजू शकते. माणसे कमी, चोरीची जबाबदारी वैयक्तिक, आणि एखादे नाणे हरवले तर नोकरीवर गदा. दुसऱ्या एका ठिकाणी मात्र एका साध्या कर्मचाऱ्याने स्वतः शेजारी बसून एकेक नाणे काढून दिले, वजन घेऊ दिले, आणि माझ्या वहीतली एक चूकही दाखवली. माझ्या प्रबंधिकेतील एकमेव तक्ता त्या दुपारचा आहे.

महाविद्यालयात वस्तू आणायची कल्पना आपल्याकडे नवी आहे असेही नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये फादर हेन्री हेरास यांनी १९२६ साली इतिहास-संशोधनाची संस्था उभी केली आणि तिच्यासाठी नाणी, शिल्पे, हस्तलिखिते जमवली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात विद्यार्थी खापराचे तुकडे हाताळूनच पुरातत्त्व शिकतात. आणि नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून नाणेशास्त्राची स्वतंत्र संशोधनसंस्था आणि नाण्यांचे संग्रहालय आहे. जोगलटेंभी, पांडवलेणी आणि अंजनेरी ही तिन्ही एकाच जिल्ह्यात. नाशिकच्या मुलांचा मला हेवा वाटतो.

अडचण पुरातत्त्वाच्या बाहेर आहे. इतिहास, मराठी, अर्थशास्त्र शिकणाऱ्यांना या वस्तूंपर्यंत कोणी नेत नाही. वास्तविक प्राकृत शिकणाऱ्याने हे नाणे पाहिले तर तो 'क्षहरातस'मधल्या षष्ठीकडे वेगळ्या नजरेने पाहील. अर्थशास्त्राचा विद्यार्थी विचारेल की चांदी आली कुठून. पेरिप्लसमध्ये भरुकच्छला रोमन नाणी फायद्याने बदलता येतात असे म्हटले आहे. मग नहपानाची चांदी म्हणजे वितळलेली रोमन चांदी का? आज क्ष-किरणांच्या साहाय्याने नाण्याला धक्का न लावता धातूचे प्रमाण मोजता येते. हा प्रश्न विचारायला रसायनशास्त्राचा विद्यार्थीही चालेल.

सगळ्यांना अस्सल नाणे हाताळायला मिळणार नाही, ते मिळूही नये. चांगली प्रतिकृती, मोठे छायाचित्र यांवरही निम्मे काम होते. चेपलेली रेघ छायाचित्रातही दिसते. वजन आणि कडेची जाडी तेवढी दिसत नाही. एक विनंती मात्र कळकळीची आहे : या धाग्यामुळे उत्साहित होऊन ऑनलाइन 'अस्सल सातवाहन नाणे' विकत घेऊ नका. बनावट नाण्यांचा सुळसुळाट आहे, आणि अस्सल असेल तर ते एखाद्या फोडलेल्या साठ्यातून आलेले असण्याची शक्यता मोठी आहे.

आणि वस्तूंचा फाजील मोहही नको. 'वस्तू बोलतात' हे वाक्य मला पटत नाही. माझ्या हातातले नाणे अर्धा तास गप्प होते. कखडीचे पडीक शेत नाण्यावर दिसत नाही, ते लेखातच आहे; कोरणाऱ्याला ग्रीक येत नव्हते हे लेखात नाही, ते नाण्यावरच आहे. एकाचे उत्तर दुसऱ्याकडून तपासून घ्यावे लागते.

या रविवारी जमत असेल तर एक करून पाहा. जवळच्या कोणत्याही संग्रहालयात जा, एकच वस्तू निवडा, पाटी वाचू नका. वीस मिनिटे चित्र काढा, चित्र वाईट आले तरी चालेल. मग पाटी वाचा आणि पाटीने काय सांगितले नाही ते खाली लिहा. तुमची चित्रे इथे टाका, मी प्रत्येकाला उत्तर देईन.

पुढचा धागा इनामगावच्या चार पायांच्या रांजणावर. त्यात बसवून पुरलेल्या माणसाचे पाय शाबूत होते, आणि त्याच गावात इतर अनेकांचे नव्हते.